डबीतली शेवटची माशी

मित्रांनो, मी मासे गरवण्याची एक जुनी काठी आहे. रंगाने फिकट पिवळी, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने आता पार वैतागलेली. का, ते ऐका आणि मग मला चिडकी म्हणा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कारखान्यात काचेच्या धाग्यांपासून माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझ्या अंगावर दोरी ओवायच्या कड्या ठेवून त्या लाल रेशमी दोऱ्याने घट्ट गुंडाळल्या. डेल्बर्टने मला घेतले ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. तो चीजच्या कारखान्यात कामाला होता. दर शुक्रवारी पाळी संपली की तो मला घेऊन घरामागच्या तळ्यावर जाई, कारण आमच्याकडे शुक्रवारी घरोघर मासे तळतात. डेल्बर्टकडे तळायचे ते ब्लूगिलच. तळहाताएवढा, तव्यात अख्खा मावणारा, गोड चवीचा मासा. सोबत बटाट्याची धिरडी आणि सफरचंदाचा शिजवलेला गर.

ब्लूगिलला खरा किडा लागत नाही. पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकवली की तो भुलतो. टेकवायचे काम माझे आणि माशी बांधायचे काम डेल्बर्टच्या बायकोचे, आर्लिसचे. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाला छोटा चिमटा लावून त्यात गळ धरायची. मग कोंबडीचे पीस, पिवळा स्पंज, रबराचे चार पाय. डेल्बर्ट समोर बसून कॉफी पीत गप्पा मारायचा.

"डेल, तू कसला मासे पकडतोस!" शेजारचा ऑर्विल त्याला चिडवायचा. "आर्लिसची बोटं पकडतात. तू नुसता टोपी घालून उभा!"

माझे नाव कोणीच घेत नसे. पण मला त्याचा राग नव्हता. राग आहे तो पाइकवर.

पाइक म्हणजे हातभर लांब, चपट्या तोंडाचा, तोंडात सुया घेऊन फिरणारा मासा. अंगाला बुळबुळ, मांसात काटेच काटे. आमच्या घरी तो कोणाला नको, पण त्याला आमची माशी हवी! पाणगवतात दबा धरून बसतो, ब्लूगिलसाठी टाकलेल्या माशीवर झडप घालतो आणि कचकन दोरी तोडून पसार होतो. कधी हाती लागलाच, तर मापाला दोन बोटे कमी भरतो, आणि नियमाप्रमाणे त्याला पाण्यात परत सोडावे लागते. पुढच्या शुक्रवारी स्वारी पुन्हा हजर!

पूर्वी माशी गेली तर जायची. आर्लिस दुसरी बांधायची. पण तीन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरू लागले. दोरा धरवेना, कात्री धरवेना. चिमटा फळीवर गेला. पेपरमिंटच्या डबीत अकरा माश्या उरल्या होत्या. पाइकने त्या एकेक करून नेल्या. या जूनमध्ये डबीत एकच राहिली.

"अरे, दोरीच्या टोकाला तार लाव की," ऑर्विल म्हणाला. "मग तोड म्हणावं!"

"तार ब्लूगिलला दिसते. जवळ फिरकत नाहीत ते."

"मग दुकानातल्या माश्या आण."

डेल्बर्टने त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याने बायको बदलायला सांगितली होती.

बरे, ती एक माशी डबीत ठेवून द्यावी, तर तेही जमेना. आर्लिसचे खाणे चिमणीएवढे झाले होते. ब्लूगिल असला तरच ती पानातले सगळे संपवायची. म्हणून त्या शुक्रवारी डेल्बर्टने शेवटची माशी दोरीला बांधली. गाठ तीनदा तपासली.

दुसऱ्याच फेकीला ब्लूगिल लागला. चांगला मोठा. डेल्बर्ट खूश, मी खूश. एवढ्यात पाणगवत हलले आणि पाइकने तो ब्लूगिल आडवा तोंडात धरला. सोडीना! मी कमानीसारखी वाकले. आता डेल्बर्टने जरा दम धरायला हवा होता. पण त्याने मला काठावर भिरकावले आणि एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला.

"सोड! सोड म्हणतो ना, चोरा! तिची आहे ती!"

दोरी हातात गुंडाळत तो पाइकपर्यंत पोचला. पाइकने शेपटीचा फटका मारून तोंड उघडले आणि तो निघून गेला. ब्लूगिल वाचला, माशी वाचली. विजयी वीर उलट्या पावलांनी काठावर आला आणि त्याने माझ्यावरच पाय दिला. कडाड! माझे टोक मोडले. इतक्या वर्षांच्या चाकरीचे हे बक्षीस! मला रडू आले, पण काठीचे रडणे कोणाला ऐकू जाते?

"काठी मोडलीस?" आर्लिस दारातच ओरडली. "अन् हे काय, चिंब भिजलायस! चार पिसांसाठी?"

"शेवटची होती ती तुझी."

आर्लिसने त्याच्या हातातली माशी निरखून पाहिली. मग म्हणाली, "शेवटची कशी? मी काय मेले का? तो चिमटा काढ खाली. बस इथं."

"मला नाही येत."

"पन्नास वर्षं समोर बसून नुसती कॉफीच प्यायलास. बस. मी सांगते, तू बांध. दोरा ओढ... हळू! गळ आहे तो, ऑर्विलचा गळा नव्हे."

तिसऱ्या प्रयत्नाला एक माशी झाली. एक पाय आखूड, स्पंज वाकडा. उरलेल्या दोऱ्याने त्याने माझ्या टोकाची कडी पुन्हा बसवली. मी चार बोटे आखूड झाले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि मागे पाऊल टाकताना कृपा करून खाली बघा. पण ज्यांच्या हातांत कला आहे, त्यांच्या शेजारी ते हात थांबायच्या आधी खुर्ची ओढून बसा.

पुढच्या शुक्रवारी आर्लिस खुर्ची टाकून तळ्याकाठी बसली. डेल्बर्टने ती वाकडी माशी माझ्याकडून पाण्यावर टेकवली. पाणगवत हलले. कचकन दोरी तुटली.

डेल्बर्ट तुटलेल्या टोकाकडे बघतच राहिला. "गेली!"

"गेली तर गेली," आर्लिस म्हणाली. "घरी चल. दुसरी बांधू."

तो चक्क हसला. मी मात्र त्या पाइकला अजून माफ केलेले नाही.