गालिच्याखालचे अकरा वेढे

"एकेचाळीस!" गर्दी ओरडली.

क्रीडा संकुलाच्या मोठ्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध लाकडी चौथरा, चौथऱ्यावर निळा गालिचा आणि गालिच्यावर ती गाडी. लालभडक, बुटकी, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. विजेवर चालणारी, वाऱ्याला मागे टाकणारी ही गाडी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आठ वर्षं लोकांना झुलवत होती. शेवटी एकदाची आली, ती चमत्कार घेऊनच. गाडी बंद, चावी मालकाच्या खिशात, कुठे वायर नाही, प्लग नाही. आणि तरीही काचेमागच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा आपोआप चढत होता.

"बेचाळीस!"

"बघा, बघा!" पांढऱ्या सुटातले ऊर्जागुरू माइकमध्ये गरजले. हे गृहस्थ पूर्वी गाद्या विकायचे. "जगातल्या बाकीच्या गाड्या भिकारी! प्लगासमोर हात पसरून उभ्या! माझी गाडी ध्यान करते. पृथ्वीच्या पोटातून कंपन येतं, कंपनातून स्पंदन आणि स्पंदनातून क्वांटम!"

क्वांटम म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. गुरूंचीही त्यामुळे सोय झाली.

"आणि ज्यांना शंका आहे, त्यांनी गालिच्याला हात लावून बघा. ऊर्जेची ऊब! याच उबेने गुडघे चालू लागलेत, कंबरा सरळ झाल्यात!"

गालिच्याच्या पुढच्या कोपऱ्यावर दुखणेकऱ्यांची रांग बसली होती. कुणी गुडघा टेकवला होता, कुणी पाठ. त्यांच्यात शेवटी बसलेल्या म्हाताऱ्याजवळ त्याची मुलगी उभी होती, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

बापलेकीचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतून काळी पडलेली तार काढायची आणि नवी तार वेढा वेढा मोजून भरायची, हा त्यांचा धंदा. बापाला सगळे उस्ताद म्हणत. दारातून आत येणारी मोटार नुसती हुंगून उस्ताद सांगायचे, कुठली कॉइल गेली ते. मग तीन वर्षांपूर्वी त्यांचं नाक गेलं. पाठोपाठ उजवा हात कापू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कंपवाताचंच हे, यात कधीकधी आधी वासच जातो. गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या तर हात कामाचा राहील. तसा तो राहिलाही होता.

आणि नऊ दिवसांपूर्वी या गादीवाल्याने सांगितलं, गोळ्यांनी प्रवाह अडतो, बंद करा!

काल सकाळी उस्ताद उंबऱ्याशी आले आणि तिथेच खिळले. पाऊल उचलेना. मुलगी धावेपर्यंत तोंडावर आपटले. भुवईवर चार टाके पडले. गोळ्यांची डबी उघडली तर नऊ दिवसांचे कप्पे भरलेले! डॉक्टरीणबाई तिच्यावरच कडाडल्या, "अहो, या गोळ्या एकदम सोडल्या तर अंग लाकडासारखं आखडेल. घास गिळता येणार नाही. माणूस हातचा जाईल, कळतंय का?"

तिला कळत होतं. उस्तादांना कोण सांगणार?

"बाबा, फुकट करंट कुठूनही येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?" तिने रात्री विचारलं होतं.

"अगं, पण ऊब खोटी कशी असेल? माझ्या या हाताला लागते ती."

"आणि हात थांबला का?"

"थांबेल. श्रद्धा लागते."

उस्तादांच्या तोंडी हा शब्द ऐकून तिला रडूच फुटलं असतं, पण रागाने रडू गिळलं. एकट्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून आज ती बरोबर आली होती.

"चव्वेचाळीस!"

गुरूंनी अत्तराचा फवारा मारला. ते तो दर पाच मिनिटांनी मारत होते. अत्तर विरलं आणि तिच्या नाकात दुसराच वास शिरला. गोडसर, चिकट, घशाशी येणारा. हा वास ती झोपेतही ओळखेल. सोळा वर्षांची असताना तिने घाईघाईत केबलचं भेंडोळं न उलगडता वेल्डिंगचं मशीन चालवलं होतं. भेंडोळ्यातली उष्णता बाहेर पडेना, केबल आतल्या आत शिजली आणि तिचा एक काळा लगदा झाला. उस्तादांनी तो लगदा फेकला नाही. दुकानात खिळ्याला टांगला. "रोज बघ," म्हणाले होते. "जड लोड द्यायचा तर केबल पूर्ण उलगडायची."

ती खाली बापाशेजारी बसली. ओरडून उपयोग नव्हता. रांगेतल्यांनी तिलाच हाकललं असतं.

"बाबा, माझं ऐकू नका. तुमच्या हाताचं ऐका. बोटं गालिच्यावर ठेवा आणि मधून बाहेरच्या बाजूला सरकवा."

"कशाला?"

"वेढे मोजा."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. मग कापती बोटं निळ्या गालिच्यावर दाबत हळूहळू सरकवली. उंचवटा, खाच. उंचवटा, खाच. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. ओठ आपोआप हलू लागले. "एक... दोन... तीन..."

"जपताहेत! उस्ताद जपताहेत!" गुरू आनंदले.

"...दहा. अकरा." उस्तादांचा चेहरा लाल झाला. "अकरा वेढे. अरे हरामखोरा, ही ऊर्जा नाही, केबल आहे! न उलगडलेली!"

मुलीने गालिच्याचा कोपरा धरला.

"अश्रद्धेचा हात लावू नका! प्रवाह तुटेल!" गुरू किंचाळले.

"तुटू दे. बघू या की कसा तुटतो!" तिने तो कोपरा खसकन उलटला.

खाली अंगठ्याएवढ्या जाड केबलचं भेंडोळं, मोजून अकरा वेढ्यांचं. मधले वेढे वितळून एकमेकांना चिकटलेले. गालिच्याची पाठ तपकिरी पडलेली, बोट लावलं की झडणारी. केबलचं एक टोक भिंतीकडे गेलेलं, दुसरं चौथऱ्याच्या भोकातून गाडीच्या पोटात. केबल लांब पडली, कापायचा कंटाळा केला, उरलेली गुंडाळून लपवली, आणि ती तापली तेव्हा तिच्याच उबेला औषध करून टाकलं! आळशीपणाचासुद्धा चमत्कार करायचा म्हणजे निर्लज्जपणाची हद्दच झाली.

"हात लावू नका, उठा सगळे!" ती ओरडली. "ही पेटली असती म्हणजे? रखवालदारदादा, या भिंतीमागे कसलं बटण आहे?"

"पाण्याच्या पंपाचं," रखवालदार चाचरला. "म्हणजे, पंप बंदच आहे. हे गुरूसाहेब म्हणाले, बटण चालू ठेव."

"बंद करा."

खट्ट. आकडा सत्तेचाळीसवर थांबला. लोक पाहत राहिले. एक मिनिट गेलं, दहा गेली. पृथ्वीचं पोट जागच्या जागी होतं, पण आकडा हलायचं नाव घेईना.

"ताई, पण माझा गुडघा खरंच हलका झाला हो," रांगेतल्या एक बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"झाला असेल, मावशी. शेकल्यावर बरं वाटतंच. घरी गरम पाण्याची पिशवी घ्या. तिच्यापुढे हात जोडावे लागत नाहीत आणि ती तुमचं औषध बंद करायला सांगत नाही."

गुरू मागच्या दाराकडे सरकत होते. रखवालदाराने दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन लावला.

उस्ताद लेकीच्या खांद्याला धरून उभे राहिले. हात आता लपवला नाही; सगळ्यांसमोर धरला.

"बघा. नऊ दिवस इथे बसलो, कापतोय तसाच. उलट तोंडावर आपटलो. चाळीस वर्षं करंटशी खेळलो आणि मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचंच नव्हतं. मला बरं व्हायचं होतं. तुम्हालाही काही ना काही हवंच असेल. त्यालाच धरून हे लोक आपल्याला नाचवतात." त्यांना दम लागला. "विजेची गाडी विजेवरच चालते. त्यात लाज कसली? शेकडो माणसांनी डोकं झिजवून केलेली वस्तू आहे ती, आणि हा म्हणतो ध्यान करते! पुन्हा कुणी काही आपोआप होतं म्हणालं, तर आधी गालिचा उचला. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही माना खाली गेल्या. एकजण तर अजूनही म्हणत होता, "पण आकडा चढत होता ना!"

बाहेर पडताना उस्ताद दारात पुन्हा खिळले. ती त्यांना धरून थांबली.

"घरी जाऊन गोळी घेतो," ते पुटपुटले.

"आपल्या मनाने नाही. नऊ दिवस चुकलेत. आधी डॉक्टरीणबाईंकडे."

"बरं." पाऊल सुटलं. मग ते पुन्हा थांबले. "पोलीस बघून गेले की त्या केबलचा एक तुकडा मागून आण. दुकानात खिळ्याला टांग, त्या जुन्या लगद्याशेजारी."

"कशाला, बाबा?"

"तो तुझा होता," उस्ताद म्हणाले. "हा माझा. रोज बघायला."