पाळण्यात ठेव आणि बाहेर ये

रडक्या मुलाचा फोटो काढायचा असेल तर याच फोटोग्राफरकडे जावं, असं गल्लीत सगळे सांगत. कॅमेऱ्यामागून तो बोक्यासारखा असा काही शिंकायचा की हटून बसलेलं पोरही खुदकन हसायचं. स्टुडिओ खाली, घर वर. म्हणून बायकोची बाळंतपणाची तुटपुंजी रजा संपली आणि ती पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली, तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "तू बिनघोर जा. जगाची पोरं हसवतो मी, आपली ठकू मला जड आहे का?"

ठकू जेमतेम दोन महिन्यांची. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग रोज दुपारी रडायचं हे तिनं ठरवूनच टाकलं.

त्या दिवशी तिनं ताळतंत्रच सोडलं. त्यानं दूध पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या. बोका होऊन तो दहादा शिंकला. ठकूचा चेहरा लालबुंद! खाली स्टुडिओत गिऱ्हाईक घंटा वाजवत होतं. बऱ्याच दिवसांचं जागरण डोळ्यांत चुरचुरत होतं. अचानक त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं दोन्ही बगलांत धरून तिला डोळ्यांसमोर उचललं आणि ओरडला, "गप्प बस! गप्प बस म्हणतो ना!"

ठकू दचकली. त्याची नजर स्वतःच्या हातांवर गेली. बोटं कधी आवळली गेली, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. बापरे! आणखी एक क्षण गेला असता तर?

त्यानं तिला अलगद पाळण्यात पाठीवर निजवलं, दार लोटलं आणि जिन्यात येऊन बसला. त्यानं मोठ्या बहिणीला फोन लावला. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती आणि त्या दिवशी तिला सुट्टी होती.

"ताई, मला भीती वाटतेय गं. ठकूची नाही, माझी."

ताई मिळेल त्या रिक्षानं आली. आल्या आल्या तिनं एकच विचारलं, "छोट्या, खरं सांग. तिला गदागदा हलवलंस का? हलवलं असशील तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना काही न लपवता सांगायचं. मी रागावणार नाही."

"नाही गं. पण हलवणार होतो."

ताईनं आत जाऊन ठकूला नीट तपासलं. ताप नव्हता, अंग ठीक होतं. रडून रडून ती आता मूठ चोखत पडली होती. ताई बाहेर येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"मी कसला बाप ताई! पोर रडली तर तिच्या अंगावर जाणारा!"

"पोरीला खाली ठेवून बाहेर येणारा बाप आहेस तू," ताई म्हणाली. "नीट ऐक. तान्ह्या बाळाचं डोकं जड असतं आणि मान अगदी लुळी. जोरात हलवलं की आतला कोवळा मेंदू कवटीवर आपटतो, रक्तवाहिन्या तुटतात. बाहेर ओरखडासुद्धा दिसत नाही. पण कुणाची नजर जाते, कुणाला फिट्स येऊ लागतात, कुणी जिवानिशी जातं. आमच्या वॉर्डात अशी बाळं येतात. त्यांना हलवणारे काही राक्षस नसतात रे, तुझ्यासारखेच थकलेले असतात. फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की बाळाला सुरक्षित ठेवून पाच मिनिटं दूर गेलं तरी चालतं."

"आणि ती रडत राहिली तर?"

"राहू दे. रडण्यानं बाळाला इजा होत नाही, हलवण्यानं होते. या वयात रडणं वाढतंच, पुढे हळूहळू ओसरतं. ताप असेल, दूध पीत नसेल, मलूल वाटली तर डॉक्टरकडे ने. एरवी तिला पाळण्यात ठेव, बाहेर ये, मला हाक मार. आणि हे सगळं तुझ्या बायकोला सांग."

संध्याकाळी चपला काढता काढताच बायकोनं त्याचा चेहरा ओळखला. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. आता भडका उडणार, असं त्याला वाटलं. पण ती मटकन खाली बसली.

"परवा मीही तिला पाळण्यात ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. तुला सांगायची लाज वाटली. म्हटलं, आई असून..."

दोघं एकमेकांकडे बघून हसू लागली. तोवर थांबलेली ताई म्हणाली, "घ्या! एकाच घरात राहून दोघांनी एकमेकांपासून तेच लपवलं!"

त्या दिवसापासून घर हलकं झालं. ज्याचा पारा चढेल त्यानं "तू घे" म्हणायचं, दुसऱ्यानं कारण विचारायचं नाही. ताई अधूनमधून दुपारी यायची. ठकू रडायची ती रडायचीच, पण त्या आवाजाला आता कुणी भीत नव्हतं. बघता बघता तिचं रडं कमी झालं आणि बापाची ती बोक्याची शिंक ऐकून ती चक्क हसली!

मध्यंतरी एक तरुण बाप तान्ह्या मुलाचा फोटो काढायला स्टुडिओत आला. फोटो झाल्यावर फोटोग्राफरनं विचारलं, "बाळ छान आहे. तुम्ही कसे आहात?"

"मी? मजेत," तो घाईघाईनं म्हणाला. मग खुर्चीत बसला. बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाला, "झोप नाही हो. कधीकधी याचं रडणं ऐकून डोकं फिरतं."

"माझंही फिरलं होतं," फोटोग्राफर म्हणाला आणि त्यानं दुसरी खुर्ची जवळ ओढली.

वाचकहो, तान्हं बाळ बघायला आपण सगळेच जातो. ते कुणावर गेलंय यावर तास तास बोलतो. पुढच्या वेळी त्याच्या आईबापांनाही विचारा, "तुम्ही कसे आहात?" आणि म्हणा, "जरा पडा तुम्ही, आम्ही सांभाळतो." आपल्याला कितीही राग आला तरी बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. त्याला पाळण्यात ठेवून बाहेर येण्यात कमीपणा नाही. त्यातच त्याचा जीव सुखरूप आहे.