सकाळची पाटी, संध्याकाळची पाटी

केबलवाल्या पंढरीचा एक चॅनल फक्त सूचनांचा होता. पाणी कधी येणार, कुणाची हळद कुठल्या मांडवात, कुणाच्या बाळाचा वाढदिवस. अख्खा मानपाडा पिक्चर लावायच्या आधी तो बघून घ्यायचा. मागे एक म्हातारा फोर-एट-सिक्स कॉम्प्युटर चालायचा, त्यात विंडोज. आणि नव्व्याण्णव सालची आमची लाइट म्हणजे रुसकी पाहुणी, मनात आलं की उठून चालली. परत आली की कॉम्प्युटर निळा पडदा टाकून बसायचा: आधी नीट बंद केला नव्हता, डिस्क तपासायचीय, बटण दाबा. आता बटण कोण दाबणार? पंढरी कुणाच्या तरी गच्चीवर वायर ओढत बसलेला.

श्रावणात पाण्याची वेळ बदलली. पंढरीने सूचना लावलेली, पण लोकांना दिसला निळा पडदा. पाणी येऊन गेलं, हंडे कोरडे. बायका सरळ पंढरीच्या आईकडे, ठमाबाईंकडे गेल्या. तेव्हापासून नाक्यावरची पोरं पंढरीला ‘निळ्या’ म्हणायला लागली.

ठमाबाईंनी निकाल दिला. "गनपतीच्या आधी नीट नाय जालं, तं त्या खोलीत माज्या कोंबऱ्या ठेवीन. त्या अंडी तरी देतान."

पंढरी माझ्या दुकानात आला तो तोंड एवढंसं करून. माझं डोंबिवलीत टीव्ही रिपेअरिंग, आणि अलीकडे कॉम्प्युटरही. "परशूशेठ, आई खरंच करेल रे. पिंजरा बघून आलीय."

"त्यात हार्ड डिस्कच ठेवू नको," मी बोललो. "विंडोजच्या जागी, एका फ्लॉपीवर मावेल एवढं लिनक्स आपण स्वतः बनवू. फक्त सूचना दाखवणारं, बाकी काही नाही. लाइट आली की आपलं आपण उठेल, कुणाला काही विचारणार नाही."

"बनवायचं कशावर?"

"माझ्या दुकानातल्या मोठ्या मशीनवर. त्यात आधी एक अख्खं लिनक्स टाकायचं. त्याला होस्ट म्हणतात. त्याच्या अंगावर आपलं छोटं लिनक्स उभं करायचं. स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात ना, तसं. स्लॅब पक्का झाला की फळ्या काढल्या."

पंढरीला लगेच कळलं. त्याच्या जमिनीवर त्या वर्षी तीन बिल्डिंगी चढत होत्या.

घोळ पुढे झाला. हे काम येणारे माझ्या ओळखीत दोघंच. गोविंदा इथल्याच एमआयडीसीतल्या कंपनीत कॉम्प्युटर बघायचा, दुपारपाळी, म्हणून सकाळी मोकळा. कुंडलिक ठाण्याला वर्तकनगरात राहायचा, तिथेच क्लासमध्ये शिकवायचा, तो संध्याकाळी यायचा. दोघांनाही लिनक्सचं वेड, दोघंही हुशार, आणि दोघंही आपापली सीडी घेऊन आले. गोविंदाची रेड हॅट, कुंडलिकची स्लॅकवेअर; दोन्ही लिनक्सच, पण वेगवेगळ्या घरची. माझ्या डिस्कवर जागा एकाचीच.

रविवारी दोघांना समोरासमोर बसवलं.

"रेड हॅट टाका. सगळं व्यवस्थित बांधून मिळतं," गोविंदा बोलला.

"बांधूनच हवं असेल तर मिठाईवाल्याकडे जा ना," कुंडलिक. "स्लॅकवेअरमध्ये काय कुठे आहे ते दिसतं तरी."

"दिसतं. सगळं हाताने करत बसायला लागतं, म्हणून दिसतं."

"हात कशाला दिलेत देवाने?"

"तू कपडे पण दगडावर आपटून धूत असशील."

"धुतो. पण स्वच्छ निघतात."

चहा झाला, वडापाव झाला, होस्ट काही ठरला नाही. पुढच्या रविवारी तेच. जाताना दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन सांगितलं, त्याची सीडी लागली तर मी येणार नाही. तिकडे ठमाबाईंनी पिंजरा आणलासुद्धा.

माझ्या ड्रॉवरमध्ये लिनक्सचीच एक तिसरी सीडी पडलेली, डेबियन. एक गिऱ्हाईक विसरून गेलेलं. लावून बघितली. तिच्यातला कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम शिजवून देणारा आचारी, जुना; आणि आम्हाला हवा होता तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही जुनाच. जोडी जमली, छोटा कर्नल पहिल्याच फटक्यात तयार झाला. मी कुणाला न सांगता तीच टाकली.

आता मजा ऐका. लॉगिनच्या आधी स्क्रीनवर कुठलं लिनक्स आहे त्याचं नाव येतं ना, ती एक साधी फाईल असते. काय वाट्टेल ते लिहा. सकाळी गोविंदा यायच्या आधी मी लिहायचो रेड हॅट. तो गेला की पुसून स्लॅकवेअर. दोघांनाही कानात सांगितलेलं, तुझीच लावलीय, पण त्याच्यासमोर विषय काढू नको, बिचाऱ्याला वाईट वाटेल.

काम काय सुसाट चाललं म्हणून सांगू. गोविंदा सकाळी नको ते काढून टाकायचा, कुंडलिक संध्याकाळी उरलेलं आणखी बारीक करायचा. एकमेकांचं काम बघून मान डोलवायचे. मी काउंटरमागे बसून गालातल्या गालात हसायचो. अख्ख्या डोंबिवलीत माझ्याएवढा खूश माणूस नसेल. फ्लॉपी तयार झाली तशी मी मोठ्या मशीनवरून डेबियन पुसलं आणि परत विंडोज टाकलं. फळ्या काढल्या. कुणी विचारायचा सवालच नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे पंढरीच्या खोलीत. कोपऱ्यात रिकामा पिंजरा. पंढरीने फ्लॉपी घालून मशीन चालू केलं, पडद्यावर अजून काही उमटायचं होतं.

"आता मी बगते," असं बोलून ठमाबाई उठल्या आणि मेन स्विच खाली ओढला. सगळं काळं. पंढरीने डोळे मिटले. म्हातारीने मनाला येईल तेवढा वेळ घेतला, मग स्विच वर. फ्लॉपी घरघरली. निळं काही आलंच नाही. स्क्रीनवर अक्षरं उमटली:

‘परशूशेठ, डोंबिवली. येथे पाट्या बदलून मिळतील. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी.’

आणि त्याच्या खाली, शहाण्यासारखी, पाण्याची वेळ.

मी वळून बघितलं. गोविंदा आणि कुंडलिक भिंतीला टेकून एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच सकाळी," गोविंदा बोलला. "रेड हॅटची एक कमांड मारली, मशीन बोलतं असलं काही नाहीच इथे."

"मला पहिल्याच संध्याकाळी," कुंडलिक बोलला. "पाटीवर स्लॅकवेअर, आत सगळा डेबियनचा संसार."

"मग बोलला का नाहीत?"

"याची तरी नव्हती ना," दोघं एकदमच बोलले, एकमेकांकडे बोट करून.

ठमाबाई टीव्हीजवळ जाऊन वाचत होत्या. पाण्याची वेळ दोनदा वाचली, मग पिंजरा उचलला. "पंढरी, हा भाइर ठेव. आनि या तिगांना जेवल्याबिगर सोडू नको."

जेवताना मी बोललो, ती वरची ओळ तेवढी काढा रे आता.

"काढू की," कुंडलिक भाकरी मोडत बोलला. "फ्लॉपी परत बनवायला लागेल. पण होस्ट तर तुम्ही पुसलात. आता कुठला टाकायचा?"

"रेड हॅट," गोविंदा बोलला.

"झालं, बसा आता," मी बोललो, आणि वाटी पुढे केली. पंढरी हसत हसत रस्सा वाढत होता.

ती ओळ अजून तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी एक लाँड्रीवाला खरंच पाटी घेऊन दुकानात आला. मी रंगवून दिली, चांगली ठळक. फक्त ‘इस्त्री’च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘दगडावर आपटूनही मिळेल’. त्याला अजून दिसलेलं नाही.