सुटसुटीत पलंग

विद्यापीठाच्या स्थावर मालमत्ता विभागात त्या वर्षी खुर्च्या साठ होत्या आणि विद्यार्थी एकवीस. कुलगुरूंनी विभागप्रमुखांना बोलावून चहा दिला आणि म्हणाले, उद्योगाशी नातं जोडा, नाहीतर रिकाम्या खुर्च्या वाणिज्य विभागाला देऊन टाकू. खुर्च्यांपाठोपाठ विभागही जाईल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. चहा संपायच्या आत ते समजलं.

विभागप्रमुखांना तोंडावर सगळे सर म्हणत आणि पाठ वळली की टेपमास्तर. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला ते फळ्याला हात लावत नसत. पोरांच्या हाती मोजायची टेप देत आणि वर्गाची खोली मोजायला लावत. टेप सैल धरली की खोली वाढते, विकणाऱ्याला आनंद होतो आणि घेणाऱ्याचं कपाट आयुष्यभर बसत नाही, हा त्यांचा पहिला धडा. खरं तर शेवटचाही तोच. मधल्या दोन वर्षांत ते त्याचीच उदाहरणं देत.

असा माणूस नातं जोडायला निघाला. सहा महिने त्यांनी बांधकाम कंपन्यांच्या स्वागतकक्षातले मऊ कोच झिजवले. अखेर एक कंपनी तयार झाली. तिचा संपर्क अधिकारी एका वाक्यात दोनदा सर म्हणायचा, एकदा आदरानं आणि एकदा घाईनं. कंपनी संगणक देणार, विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव देणार, जमल्यास नोकऱ्याही. बदल्यात विद्यार्थ्यांचे अहवाल आधी कंपनीच्या नजरेखालून जावेत, एवढंच. सामंजस्य करारात समंजसपणा एकाच बाजूनं दाखवायचा असतो, हे सरांना ठाऊक होतं. आपली बाजू कुठली, तेवढं बघायचं राहून गेलं.

करारावर सह्या व्हायच्या आधीच कंपनीनं पाच विद्यार्थी चाचणीदाखल कामाला घेतले. त्यांत एका सुताराची मुलगी होती. सारखी टोचून टोचून प्रश्न विचारायची, म्हणून वर्गानं तिचं नाव सुतारपक्षी ठेवलं होतं. बापाचा धंदा आणि लेकीचा स्वभाव एकाच शब्दात बसल्यामुळे तिनंही ते मनावर घेतलं नव्हतं. तिची नेमणूक सॅम्पल फ्लॅटवर झाली. सॅम्पल फ्लॅट म्हणजे इमारत उभी राहण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायला सजवलेलं घर. लोक तिथे येत, बैठकीची खोली बघून खालच्या आवाजात बोलत आणि चेक लिहीत.

पोरीनं तिथे महिनाभर काम केलं आणि सवयीप्रमाणे टेप लावली. आतल्या खोल्यांना दारंच नव्हती, कारण दार उघडायला जागा लागते. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर दोन ताटं मावत नव्हती. आणि पलंग पाच फूट सहा इंचांचा होता. तिनं घरी बापाला विचारलं. तो म्हणाला, मोठ्या माणसासाठी एवढा पलंग कोणी सांगितला, तर पाहुण्याला किती दिवस ठेवून घ्यायचंय ते आम्ही आधी विचारतो.

तिच्या अहवालाची सुरुवात अशी होती: ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. येथे खोली पाहून अंथरूण कापले आहे.’ पुढे चार पानं नुसती मापं, आणि जवळजवळ प्रत्येक मापापुढे एकच शब्द: लहान.

सर वाचता वाचता एकटेच हसले. घरी नेऊन त्यांनी बायकोला वाचून दाखवलं. ती शाळेत भाषा शिकवायची आणि सहसा कशाला चांगलं म्हणत नसे.

“पोरगी तुमच्यावर गेलीय,” ती म्हणाली. घरात दोन मुलगे वाढले होते. त्यांच्याबद्दल ती असं कधी बोलली नव्हती.

मंगळवारी संपर्क अधिकाऱ्याचा फोन आला. तो रागावला असता तर सरांना सोपं गेलं असतं. तो खूशच होता. म्हणाला, अहवाल अप्रतिम आहे सर, गुरुवारी सह्या आहेत सर, फक्त तो ‘लहान’ शब्द तेवढा खटकतो. आमच्याकडे त्याला सुटसुटीत म्हणतात. आणि मापांची पानं नसली तरी चालेल, आकड्यांनी वाचणारा दमतो.

सरांनी मुलीला बोलावलं. आधी खुर्च्यांची गोष्ट सांगितली, मग वाणिज्य विभागाची, मग तिच्या वीस सोबत्यांच्या नोकऱ्यांची. शेवटी शब्दाची.

“पण सर, पलंग सुटसुटीत आहे की लहान आहे?”

“अगं, दोन्ही म्हणता येतं.”

“मोजून?”

सरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

“मग मापं काढून टाकू?” तिनंच विचारलं.

“तेवढी काढ.”

“बरं सर.”

ती वाद घालेल, अशा तयारीनं ते बसले होते. ‘बरं’ची तयारी त्यांनी केली नव्हती.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, “तुम्ही तिला विचारलंत की सांगितलंत?”

“विचारलं.”

“मग काय म्हणाली?”

“बरं म्हणाली.”

“म्हणजे सांगितलंत,” ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

गुरुवारी सकाळी सर ग्रंथालयाचा जिना चढू लागले. मुलगी वर बसते हे त्यांना माहीत होतं. राहू दे तुझं होतं तसं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. दुसऱ्या वळणावर फोन वाजला. गाडी आलीय, कुलगुरू गाडीत बसलेत. सर तिथूनच परत फिरले. समारंभ आटोपला की बोलू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. समारंभात त्यांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. संध्याकाळी सर परतले तेव्हा बांधलेला अहवाल टेबलावर होता. त्यात लहान असं काही उरलंच नव्हतं. पलंग सुटसुटीत, टेबल सुटसुटीत, खिडक्यासुद्धा सुटसुटीत. अंथरुणाचं वाक्य गेलं होतं. ती पहिली आली आणि निकालाआधीच कंपनीनं तिला घेतलं.

सहा वर्षांत साठ खुर्च्या भरल्या, वीस वाढवाव्या लागल्या. वाणिज्य विभागातून आता चौकशीला लोक येत. आणि कंपनीच्या सगळ्या सॅम्पल फ्लॅटची प्रमुख होती ती सुताराची मुलगी. उद्योगाची प्रतिनिधी म्हणून ती अभ्यासक्रम समितीवर आली, तेव्हा सरांना कोण अभिमान वाटला. पहिल्याच बैठकीत तिनं प्रस्ताव मांडला, की टेपचं प्रात्यक्षिक बंद करावं. मापं आता यंत्र घेतं. तो वेळ सादरीकरणाला द्यावा. बोलणं मुद्देसूद होतं, आवाज आदबशीर. सदस्यांचे हात वर गेले. सरांनाही काही विचारायचं होतं, म्हणून त्यांनी हात वर केला. कारकून बाईंनी तो मोजला.

लोक पांगल्यावर ती कागद आवरत थांबली होती. सर तिच्याजवळ गेले.

“तुझा तो अहवाल. तेव्हा मी तसं सांगायला नको होतं.”

तिनं कोणता ते विचारलं नाही. “दोन दिवस मी छापायला दिलाच नव्हता, सर.”

“का?”

“तुम्ही परत बोलवाल, असं वाटलं होतं. गुरुवारी दुपारपर्यंत ग्रंथालयात बसून होते.”

जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत आलो होतो, हे सरांच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मुळीच न येणाऱ्याची बाजू त्यापेक्षा बरी.

“मग?” त्यांनी विचारलं.

“मग काय, सर. दिला छापायला.” ती हे सहज म्हणाली, राग धरल्यासारखं नाही. खाली माणसं खोळंबलीत, असं सांगून ती निघाली. दारात वळून तिनं सरांच्या बायकोची तब्येत विचारली. बरी आहे, सर म्हणाले.

कारकून बाई कार्यवृत्त घेऊन आल्या. ठराव सर्वानुमते मंजूर, असं त्यात टाइप केलं होतं. सरांनी विचारलं, हात मी प्रश्नासाठी वर केला होता, खाली तशी माझी एक ओळ घालता येईल का. बाईंनी कागद जवळ धरून पाहिला.

“घालता येईल की. पण नवा कागद करावा लागेल आणि सगळ्यांकडे पुन्हा सह्यांना फिरवावा लागेल. तुमची सोडून सगळ्यांच्या झाल्यात.”

सर्वांत वर तिची सही होती, पूर्ण नावाची. सरांनी पेन मागितलं आणि खाली आपली केली.