आठवी चौकट

मंडईजवळच्या एका जुन्या शाळेची वेबसाइट दुरुस्तीसाठी तनुजाकडे आली तेव्हा तिच्यात अकरा स्टाइलशीट होत्या. पानांचे रंग, अक्षरं, अंतरं ठरवणाऱ्या या फाइली दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी नव्यानं लिहिल्या होत्या आणि जुन्या पुसायचं धाडस कुणीच केलं नव्हतं. हडपसरच्या ऑफिसात आठवडाभर बसून तिनं त्या निगुतीनं निवडल्या, सगळ्यांची मिळून एक फाइल केली आणि शाळेच्या प्रत्येक पानाला चालेल असं एकच टेम्प्लेट बांधलं. एक नियम मात्र अकराही फाइलींत होता: शिक्षकांच्या पानावरची आठवी चौकट दाखवू नये. शिक्षक तर सातच होते. तनुजानं तो नियम काढून टाकला.

पान पुन्हा उघडलं तेव्हा चौकटी आठ होत्या. शेवटच्या चौकटीत साठीच्या एका बाईंचा फोटो होता, खाली नाव नव्हतं. शाळेनं पाठवलेल्या फोटोंत तो कुठेच सापडेना. तिनं घाईनं नियम परत लिहिला. तरी बाई तिथेच.

तिनं शेजारच्या शौनकला बोलावलं.

"सातच तर आहेत," तो म्हणाला. "चष्म्याचा नंबर तपासून घे एकदा."

तिनं मुख्याध्यापिका हेमाबाईंना फोन केला. आठव्या फोटोबद्दल विचारलं.

"उद्या मधल्या सुट्टीत या," एवढंच त्या म्हणाल्या.

शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलाभोवती सातजण डबे उघडून बसले होते. आठव्या, खिडकीशेजारच्या खुर्चीत फोटोतल्या त्या बाई बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर टेबलावर, समोर डबा नाही. मागून जाणारे एक सर त्यांच्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून सरकले.

"त्या कोण?" तनुजानं विचारलं.

सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"आम्ही तिकडे बघत नाही," हेमाबाई हलकेच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज कापला. "तुम्हाला दिसतात? अगदी नीट?"

त्या आवाजात राग नव्हता, आशा होती. तनुजानं होकारार्थी मान हलवली.

बाईंची नजर टेबलावरून उठली आणि तिच्यावर येऊन थांबली. त्यांनी पदर सारखा केला, पायाशी ठेवलेली पर्स उचलली आणि बरोबर निघालेल्या माणसाचं बोलणं संपायची वाट पाहावी तशा त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो हेमाबाई, यांना..." तनुजानं सुरुवात केली.

"सावकाश जा," हेमाबाई म्हणाल्या. "जिना जरा उभा आहे."

तनुजा जवळजवळ पळतच उतरली. पहिल्या वळणावर बाई तिच्यासाठी थांबल्या होत्या.  तनुजानं वर पाहिलं. उघड्या दारातून दिसलं, भिंतीला चिकटून सरकलेले ते सर खिडकीजवळची खुर्ची रुमालानं पुसत होते. मग ते त्याच खुर्चीत ऐसपैस बसले, आणि कुणीतरी मोकळेपणानं हसलं.