कोपऱ्यातलं चित्र

"नुसतं स्लो चालतंय, बाकी काही नाही," तात्या म्हणाले आणि रंजिताला खुर्ची देऊन स्वतः दाराशी उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.

भिवंडीत तहसील कचेरीसमोरच्या त्या चिंचोळ्या गाळ्यात तात्या अठ्ठावीस वर्षं लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करत होते. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. रंजिताचं टेमघरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

तिने ब्राउजर उघडला. मिनिटभरात स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एका अर्ध्या कपड्यांतल्या बाईचं चित्र सरकत वर आलं. पाठोपाठ दुसरं.

"कधीपासून येतंय हे?"

"महिना झाला." तात्यांनी वळून पाहिलं नाही. "एकाकडून फॉरमॅट मारून घेतला. अगदी कोरा करून दिला त्याने. संध्याकाळी परत तेच. रंजिता, घरात सून आहे माझ्या. मी असलं काही बघत नाही गं."

"तात्या, बसा आधी. हे तुम्ही काही बघितलं म्हणून येत नाही."

ते बसले. मग हळूहळू बोलले. चार दिवसांपूर्वी काशीबाई आल्या होत्या, वज्रेश्वरीच्या अलीकडच्या गावातल्या. नवरा वारला होता, वारसाचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. मजकूर दाखवत असतानाच हे चित्र आलं. बाई तोंडाला पदर लावून उठल्या आणि तडक निघून गेल्या. त्या दुपारपासून तात्यांनी गाळा उघडला नव्हता; आज उघडला तो फक्त रंजितासाठी.

"कोरा करून दिल्यावर तुम्ही पहिलं काय टाकलंत त्यात?"

तात्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात बदलून देणारा फुकटचा प्रोग्राम होता त्यात. कुठल्याशा साइटवर मोठं हिरवं बटण दिसलं, ते दाबून घेतलेला. पुन्हा शोधायला नको म्हणून जपून ठेवलेला.

"हाच तो! घर झाडूनपुसून घेतलंत, आणि तुम्हीच त्याला हाताला धरून आत आणलंत."

तात्या ओशाळून हसले.

फायली तपासून बाजूला काढून तिने सगळं नव्याने टाकलं. मग उठून तात्यांना खुर्चीत बसवलं.

"आता मी हात लावणार नाही. प्रोग्राम ज्याने बनवलाय त्याच्याच साइटवरून घ्या. आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटायचं नाही. पक्षकाराचा कागद वाचता तसं वाचा."

तात्यांनी चष्मा पुसला. ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. एका पानावर दोन चौकटींत आधीच खुणा केलेल्या होत्या: आणखी एक टूलबार हवा, होमपेज बदललेलं चालेल.

"हे मी कधी म्हटलं?" तात्या चिडले आणि दोन्ही खुणा काढल्या.

पुढे एका साइटने विचारलं, सूचना पाठवू का? त्यांनी रंजिताकडे पाहिलं.

"नाही म्हणा. कोणीही विचारलं तरी नाहीच."

रोजच्या कामासाठी तिने वेगळं खातं करून दिलं. त्यातून पासवर्डशिवाय काही इन्स्टॉल होणार नव्हतं. मग चहा मागवून दोघं स्क्रीनकडे बघत बसले. तासभर काहीही आलं नाही.

रविवारी तात्या काशीबाईंच्या कच्च्या मसुद्याची प्रिंट घेऊन वज्रेश्वरीच्या बसमध्ये बसले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

काशीबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. तात्यांना पाहून घाबरून उभ्या राहिल्या.

"तात्या, मी मुद्दाम न्हाय केला वो."

"काय?"

"तुमी नाव दावला, मी काचंवर बोट ठेवला, आन् ती बया आली. मना वाटला, माज्या बोटानं तुमचा मशीन बिघारला. मी भियाले, तशीच पलाले."

तात्या ओट्यावर टेकले. म्हणाले, "कुणाच्याच बोटाने नाही येत ते, काशीबाई." आणि मग दोघंही हसले.

चहा झाल्यावर त्यांनी कागद उघडून वाचायला घेतला. "माझे पती मयत अनंता काळू भोईर..."

"येवढा परत वाचा."

"चुकलंय काही?"

"न्हाय. बरोबर हाय." त्या शेंगांकडे बघत होत्या. "मी कधी नाव घेतला न्हाय त्यांचा. आता घरात कोनीच घेत न्हाय."

तात्यांनी कागद जरा लांब धरला आणि तिन्ही शब्द पुन्हा वाचले, सावकाश.