पुसलेला तीळ

मी काच बोलतेय. आरशाची नाही, खिडकीची नाही. कॅमेऱ्याच्या पोटात फोटो टिपणारा सेन्सर असतो, त्याच्या तोंडावर बसवलेली, काड्यापेटीहून लहान काच. मला कुणी बघत नाही, सगळे माझ्यातून बघतात.

माझा जन्म झाला त्या खोलीत माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली होती. त्यांच्या अंगावरच्या धुळीचा एक कणसुद्धा मला चालायचा नाही. तिथं एका बाईनं मला भिंगाखाली धरलं आणि म्हणाली, "चकाचक!" त्यानंतर बरीच वर्षं मला असं कुणी म्हटलं नाही.

मी आले ती ताईच्या स्टुडिओत. एक खोली, मागं पांढरा पडदा, पुढं उंच स्टूल, दोन्ही बाजूंना दिवे. अर्जाला लावायचे फोटो काढायचे. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवलेला, स्टूलही जागचं हलायचं नाही. हजार माणसं आली, हजारांचे चेहरे माझ्यावर त्याच जागी पडले. उलटे पडले, डोकं खाली. मला जग तसंच दिसतं, माझी तक्रार नाही.

तक्रार ताईबद्दल आहे. बाई कामाला वाघ, पण लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड उघडं टाकून फोनवर बोलत बसायची. तेवढ्यात रस्त्यावरची धूळ आत यायची, तिच्या लोकरी जाकिटाचा धागा यायचा. शिवाय माझ्यापुढचा शटरचा पडदा नवा, वंगण पाजलेला. उघडझाप करताना बारीक शिंतोडे उडवायचा. त्यातला तेलाचा एक थेंब माझ्यावर बसला, तो बसलाच.

मग प्रत्येक फोटोत गालावर एक करडा ठिपका यायला लागला. ताईनं कॅमेरा उचलला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला.

"ताई, तोंडानं फुंकलंत?"

"मग काय नाकानं फुंकू?"

"थुंकी उडालीय आत. रबरी फुग्यानं वारा मारायचा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून. धूळ खाली पडते. पण हा ठिपका तेलाचा आहे, वाऱ्याला दाद देणार नाही. द्रव लावून एकाच दिशेनं पुसावा लागेल. दोन दिवस ठेवून जा."

"दोन दिवस? आणि गिऱ्हाइकांचे फोटो काय डोळ्यांनी काढू?"

कॅमेरा उचलून ती परत आली. मला पुसायचं सोडून तिनं कॉम्प्युटरला शिकवलं. एक बटण दाबलं की प्रत्येक फोटोतली ती जागा, मसुरीच्या दाण्याएवढी, आजूबाजूच्या कातडीनं झाकली जायची. बटणाला तिनं नाव दिलं झाडू.

ठिपका गेला. त्याच्याबरोबर एकाच्या दाढीचा काप गेला, एकीची पुटकुळी गेली, एका म्हाताऱ्याचा जुना व्रण गेला. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट म्हणायचे, "ताई, तुमच्याकडे फोटो छान येतो." ताई खूश. मी अंधारात पडून ऐकायचे.

मग चिमी आली. बाविशीची पोरगी, नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता.

"मान सरळ. हसू नकोस."

"हसत नाहीये, माझं तोंडच असं आहे."

"मग तोंडाला सांग, अर्ज आहे म्हणून."

त्यावर ती खरंच हसली, स्टुलावर डुलली, तिचा गाल माझ्या ठिपक्याखालून सरकला आणि मला तीळ दिसला. पुन्हा सरळ बसली तेव्हा तीळ आणि माझा ठिपका एकमेकांना खेटून होते. खटका पडला. ताईनं झाडू फिरवला, दोन्ही गेले. पुसलेला फोटो तिनं मूळ फोटोवरच साठवला आणि संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं. तिची ती रोजची पद्धत.

आठ महिन्यांनी चिमी घरातून भांडून गेली. कशावरून, ते तिच्या आईनं कुणालाच सांगितलं नाही. बाकीचे फोटो चिमीच्या फोनमध्ये, फोन तिच्याबरोबर, आणि तो बंद. लहानपणच्या फोटोत तीळ नव्हता, तो मोठेपणी उगवलेला. पोलीस चौकीत आईनं पाकिटातला अर्जाचा फोटो काढून दिला. तो मोठा करून भिंतींवर लागला. आई रोज भिंतीपुढं उभी राहायची. पोरगी परकी वाटायची, का ते कळायचं नाही.

हे मला कसं ठाऊक? एका सकाळी ती आई स्टुडिओत शिरली आणि तिनं सगळं ओरडून सांगितलं.

"हा फोटो तुमचा?"

"शिक्का आमचाच आहे मावशी."

"चिमीचा तीळ कुठाय?"

ताईनं फोटो हातात घेऊन दिव्याखाली धरला.

"बायकांच्या आश्रयगृहात जाऊन आले मी. तिथली बाई म्हणते, पोरगी अगदी अशीच होती, पण तिच्या गालावर तीळ होता. तुमच्या फोटोत नाही, म्हणून तिला वाटलं वेगळी असेल, तिनं कळवलंच नाही. पाच दिवस होती हो तिथं! सहाव्या दिवशी निघून गेली."

"मावशी, मी मुद्दाम नाही... ते मशीन पुसतं."

"मशीनला बोट असतं? बटणावर बोट कुणाचं?"

ताईनं कॅमेरा तिकाटण्यावरून उतरवला. त्याच दिवशी तिनं कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्यानं ओला बोळा माझ्यावरून एकदाच, एका दमात ओढला. मग पांढऱ्या कागदाचा फोटो काढला. नुसता पांढरा, कुठं काही नाही. "चकाचक," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तीळ परत लावायचा होता. पण कुठं? आश्रयगृहातल्या बाईला गालावर होता, एवढंच आठवत होतं. ताई म्हणाली, "मावशी, स्टुलावर बसा. तुमच्याच गालावर बोट ठेवून दाखवा. मी फोटो काढते, त्यावरून चिमीच्या फोटोत तीळ लावते."

आई बसली. चेहऱ्याचा साचा तोच, तेच न हसता हसरं तोंड. तिनं गालावर बोट ठेवलं. चुकीच्या जागी. नवा फोटो भिंतींवर लागला.

आठवड्यानं ती परत आली. "जरा वर होता."

पुन्हा फोटो, पुन्हा कागद. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. "नाही, कानाकडे होता. असा कसा विसरेन मी? मी आई आहे ना तिची?" ताईनं दिवे लावले. बाहेरच्या भिंतीवर आता चार चिमी आहेत, चौघींचे तीळ चार ठिकाणी. पावसानं एकीचा अर्धा गाल सुटलाय.

काल ती पाचव्यांदा स्टुलावर बसली. कॅमेरा चालू होता, मी बघत होते. तिचं बोट गालावर फिरत फिरत बरोबर त्या जागी आलं. बरोबर तिथंच! थांबलं. काच तडकू शकते, ओरडू शकत नाही. मी म्हणत राहिले, हलू नको बाई, हीच जागा, हलू नको.

"इथं..." ती म्हणाली. डोळे मिटले. मग मान हलवली. "नाही. इथं नव्हता." बोट पुढं सरकलं आणि खटका पडला.

झाडूचं बटण ताईनं काढून टाकलंय. मला महिन्यातून एकदा फुग्यानं वारा मिळतो. पण दर वेळी पांढऱ्या पडद्यावर मला तो गाल दिसतो. स्टुलावर कुणी नसलं तरी दिसतो. डाग असता तर पुसला गेला असता, हा पुसला जात नाही.

माझ्याजवळ बोट नाही, म्हणून तुम्हाला सांगते. लिहून घ्या. तिचा डावा गाल. ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं वर, नाकपुडीच्या रेषेत. काळा नाही, तांबूस. मोहरीपेक्षा थोडा मोठा. भिंतीवरचे चारही फोटो चुकीचे आहेत, कालचा पाचवाही, त्यांच्याशी ताडून बघू नका. अशी कुणी दिसली तर तिला जाऊ देऊ नका. म्हणावं, आई स्टुलावर बसून आहे.